पायांचं निमित्त

गुरुवारी दुपारी मी रग्बी संघाची यादी क्लबच्या दारावर लावली आणि तासाभरात अख्खं थॉर्नली गाव माझ्या नावाने शंख करू लागलं. यादीत गार्थ आर्मिटेज नव्हता. एकोणीस वर्षं आमच्यासाठी हाडं मोडून घेतलेला गार्थ, आणि रविवारी उपांत्य सामना!

मासे-चिप्सच्या दुकानातल्या आयरीनने मला रांगेतूनच हाकललं. "चिप्स हव्यात? आधी गार्थला घे, मग ये."

"त्याचे पाय गेलेत, आयरीन."

"आणि तुझी अक्कल कधी गेली, कोच?"

रांग खो खो हसली. मी उपाशीच घरी आलो.

खोटं बोललो होतो मी. पाय ठणठणीत होते त्याचे. मंगळवारी सरावात त्याला कुणीतरी पाडलं. आमच्या रग्बीत पडलेल्याने उठून समोरच्या संघाकडे तोंड करायचं आणि पायाने चेंडू मागे, आपल्या माणसाकडे सरकवायचा. गार्थ उठला तो उलट्या तोंडाने, आणि चेंडू थेट विरुद्ध बाजूला दिला. पोरं हसून लोळली. त्यांना मस्करी वाटली. गार्थही हसला, पण सगळ्यांच्या नंतर.

मी त्याला सामानाच्या खोलीत ओढलं. "कधीपासून?"

"ख्रिसमसपासून."

"डॉक्टरने तपासलं ना तुला?"

"आठवण तपासायला दरवेळी तेच प्रश्न विचारतो रे. पाठ झालेत."

"जनीनला माहितीय?"

"बायकोला मी सांगतो. तोवर तू पाय म्हण, कीथ. पाय गेले म्हटलं की लोक बिअर पाजतात. डोकं गेलं म्हटलं की हळू बोलायला लागतात."

मी शब्द दिला. शुद्ध गाढवपणा! शुक्रवार, शनिवार जिवाला थारा नव्हता. फोन करावा तर तो उचलेना. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा परत फिरलो.

रविवारी दोन वाजता जनीन सरळ कपडे बदलायच्या खोलीत घुसली. "लाज आहे का रे? तुझ्या लग्नात तुझ्या शेजारी उभा होता तो!"

"जनीन, तो तुला काही बोलला का?"

"बोलेल कशाला? तोंड शिवून बसलाय तुझ्यामुळे!"

तेवढ्यात दार उघडलं. गार्थ बॅग घेऊन आला, आपल्या जागेवर बसला आणि बूट चढवू लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या, बाकं बडवली. त्यांना वाटलं, गडी कोचच्या नाकावर टिच्चून आलाय. जनीननेही मान ताठ केली. "बघ!"

गार्थने मनगट माझ्यापुढे धरलं. "पट्टी बांध ना, कीथ. आणि यादी कधी लावणार? आज माझ्या बाजूला कोण खेळतंय?"

टाळ्या दोन-चार जणांच्या चालू राहिल्या, मग त्याही थांबल्या. गार्थ सगळ्यांकडे बघत राहिला. माझ्याने त्याच्याकडे बघवेना. मी पट्टी शोधत राहिलो, आणि ती माझ्या हातातच होती.

"तुला माहीत होतं," जनीन म्हणाली.

"मंगळवारी कळलं. तो म्हणाला, मीच सांगतो."

"बुधवार, गुरुवार, शुक्रवार," तिने बोटं मोजली, "तीन दिवस हा पोरींना गाडीतून शाळेत सोडतोय, कीथ."