तिसरी आणि चौथी पायरी

पुस्तिका, पान अकरा:

पायरी तीन. उपग्रह डुलतो, त्याबरोबर चित्रातले तारे सरकतात. ते सरकणं काढून टाका.
पायरी चार. डिटेक्टरवर मंद डाग आहेत. ते भरून काढा.
पायरी पाच. दिलेल्या ताऱ्याच्या तेजाचा आलेख काढा. तारा दर नऊ मिनिटांनी मंद होताना दिसला, की तुमचं काम बरोबर झालं.

पुस्तिका पद्मजा उडुप हिने लिहिलेली. बेंगळुरूजवळ होस्कोटेला संस्थेच्या आवारात दर चार महिन्यांनी खगोलशास्त्रातले नवखे गोळा व्हायचे आणि उपग्रहावरच्या दुर्बिणीने पाठवलेल्या आकड्यांतून आकाश कसं काढायचं ते पद्मजा त्यांना पाच दिवसांत शिकवायची. ही नववी तुकडी. दुर्बिणीचा अतिनील डिटेक्टर दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता, पण त्याने पाठवलेलं इतकं होतं की अजून निम्मंसुद्धा कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, अकराच्या कॉफीच्या आधी, बिदरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या महानंदा बिरादारने हात वर केला.

“मॅडम, माझा तारा लुकलुकतच नाही.”

“कॉफी मिळाली नसेल त्याला,” मागून चेतन म्हणाला. हा बेंगळुरूचा, त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे. “अक्का, अर्धी तुम्ही घ्या, अर्धी त्याला द्या.”

वर्ग हसला. पद्मजाही हसली.

“पायऱ्या ओळीने केल्यास?”

“नाही मॅडम. आधी चार केली, मग तीन.”

“पुस्तिका उलटी धरली होती का अक्का?”

“चेतन, गप रे. का गं, उलटं का केलंस?”

महानंदाने चष्मा काढून हातात धरला. “मॅडम, डाग इथे आहेत ना, काचेवर? आकाशात तर नाहीत. आता समोर पोरगं पळतंय. मी फोटो सरकवून सरकवून त्याला एका जागी आणलं, तर पोरगं थांबेल, पण काचेवरचा डाग पळायला लागेल. मग तो पुसायचा कुठे? म्हणून म्हटलं, आधी पुसून घ्यावा.”

“पुस्तिकेप्रमाणे कर,” पद्मजा म्हणाली. “आणि जेवणाच्या आधी मला लुकलुक दाखव.”

बाराला दहा मिनिटं असताना महानंदाने ती दाखवली. नऊ मिनिटांनी एक खळगा, पुन्हा नऊ मिनिटांनी एक. पद्मजाने तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

*

तो तारा पद्मजाचे गुरू नंजुंडय्या सर यांचा होता.

डिटेक्टर सरांनी उभा केला, अकरा वर्षं खपून. तो बंद पडायच्या वर्षभर आधी त्याने टिपलेल्या आकाशाच्या एका तुकड्यात त्यांना हा तारा सापडला. असा तारा असा लुकलुकायलाच नको होता, म्हणून तर सर हरखले. परीक्षकांनी लेख दोनदा परत पाठवला आणि सरांनी दोनदा पुन्हा लिहिला. तेवढ्यात त्यांची मूत्रपिंडं गेली. आता लेख स्वीकारला गेला होता आणि प्रुफं पुढच्या आठवड्यात यायची होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला जाताना सर टॅक्सीवाल्याला सांगत, “हळू घे बाबा, माझं अजून छापून यायचंय.”

*

जेवणाच्या सुट्टीत सगळे अन्न-सारूच्या, म्हणजे भात-आमटीच्या, रांगेत असताना पद्मजाने दार लावून घेतलं, चौथी पायरी आधी केली, तिसरी नंतर केली, आणि रेघ सपाट आली.

*

तिने पुन्हा केलं. सपाट. शेजारचे बारा तारे काढून पाहिले, ते होते तसेच होते. डागांचा नकाशा उघडला. सगळ्यांत मोठा डाग नेमका ज्या जागी होता, त्या जागेवरून उपग्रह डुलताना हाच एक तारा ये-जा करत होता. दर नऊ मिनिटांनी.

आठवायचं म्हटलं तर फार खोल जावं लागत नव्हतं. तीन वर्षांपूर्वीची संध्याकाळ. सर दारात उभे, हातात तिच्याच पायऱ्यांनी काढलेला पहिला आलेख. “पद्मा, याचा डुलण्याशी काही संबंध नाही ना? क्रम एकदा पाहून घेतलास?” आणि पुस्तिका छापायला पाठवायच्या घाईत, मान वर न करता तिने म्हटलं होतं, “पाहिलाय, सर.”

पाहिला नव्हता. पाहण्यासारखं काही असेल असं तिला वाटलंच नव्हतं. डुलणं काढून टाकलंय, मग डुलण्याचा संबंध येईलच कसा?

मग तिने तोच तारा सरावाला दिला, आणि तो लुकलुकला की काम बरोबर, असं स्वतःच्या हाताने लिहून टाकलं.

*

बेंगळुरूत बनशंकरीला सरांचं घर. संध्याकाळचे पाच. सर खिडकीपाशी आरामखुर्चीत. अम्मांनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, उप्पिट्टूची बशी पद्मजापुढे ठेवली आणि त्या आत गेल्या.

“तू कमलाचं उप्पिट्टू खात नाहीयेस म्हणजे कुणीतरी मेलंय. कोण?”

“सर, हा आलेख बघा.”

“कुठला तारा?”

“आपला.”

सरांनी कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

“कुणी काढला?”

“बिदरची एक लेक्चरर आहे, महानंदा. तिने डाग आधी काढले. मी दुपारी पुन्हा करून पाहिलं.”

“हं. बरोबर आहे तिचं. डाग काचेवर असतात.” थोडं थांबून, “मी तुला विचारलं होतं.”

“हो सर.”

“काय म्हणालीस?”

“पाहिलाय म्हणाले.”

“पाहिला होतास?”

“नाही सर.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

“किती जणांना शिकवलंस हे?”

“दोनशे अकरा.”

“आणि एवढ्यांत एकाचीही रेघ सपाट आली नाही?”

“आली, सर. तिघांची.”

“मग?”

“मी त्यांना पुन्हा करायला लावलं. लुकलुकेपर्यंत.”

सरांनी डोळे मिटले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“कागद घे. लिही. आम्ही हा लेख मागे घेत आहोत. हा तारा लुकलुकत नाही. चूक आमच्या प्रक्रियेत होती आणि ती महानंदा... आडनाव?”

“बिरादार. सर, ‘आमच्या’ नको. माझं नाव घालते.”

“लेखावर पहिलं नाव कुणाचं आहे?”

“तुमचं.”

“मग लिही सांगतो तसं. ...ती महानंदा बिरादार यांनी दाखवून दिली. संपलं. आभार वगैरे नकोत.” त्यांनी सही केली. सही ओळीखाली घसरली. “आणि दोनशे अकरा जणांना कळव. सगळ्यांना एकच कागद नको, नावानिशी. त्या तिघांना आधी.”

“हो सर.”

“आता जा. उद्या येऊ नकोस. परवाही नको.”

*

चौथ्या दिवशी सकाळी तिने वर्गाला पान अकरावर काट मारायला लावली आणि का ते सांगितलं, काही न वगळता.

कॉफीच्या वेळी महानंदा जवळ आली. “मॅडम, मी बोलायला नको होतं का?”

“नाही!” पद्मजा एवढ्या जोरात म्हणाली की महानंदा दचकून मागे सरली. “तसं कधी मनातही आणू नकोस.”

*

पहिलं पत्र म्हैसूरला, सहाव्या तुकडीतल्या शिवरंजनीला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं.

“मॅडम, कळवल्याबद्दल आभार. तेव्हा माझी रेघ पाच वेळा सपाट आली होती. सहाव्यांदा मी शेजारच्याची फाईल दाखवली. घरी येऊन वाटलं, हे आपल्याला जमणारं नाही. मी आता विमा कंपनीत आहे. बरं चाललंय. सरांना नमस्कार सांगा.”

तिने तो सांगितला नाही. सांगायला जायची परवानगी नव्हती.

*

सोमवारी सकाळी अम्मांचा फोन आला.

“पद्मा, टॅक्सी येऊन उभी आहे आणि हे उठतच नाहीत. म्हणतात, छापून येईपर्यंत सुया टोचून घ्यायच्या असं ठरलं होतं, आता कशाला? मुलाचं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.”

ती गेली. सर खोलीत होते, दार अर्धवट लोटलेलं. तिने ते ढकललं नाही.

“सर.”

“पत्रं झाली?”

“एकशे सात झाली. एकशे चार राहिलीत.”

“मग इथे काय करतेस?”

“सर, टॅक्सी उभी आहे. आजच्या दिवस चला. मी येते बरोबर.”

ती थांबली. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, मग अम्मांनी खाली जाऊन त्याला परत पाठवलं. वर येऊन त्या जमिनीवर बसल्या आणि दवाखान्याची पिशवी रिकामी करू लागल्या. टॉवेल, मफलर, ग्लुकोजची बिस्किटं, चार तास वाचायला म्हणून घेतलेलं वर्तमानपत्र.

“तू काय सांगितलंस गं यांना त्या दिवशी?” वर न बघता अम्मांनी विचारलं.

पद्मजा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.