मंडईवरची गुलाटी

एकोडीच्या मंडईत त्या दुपारी जो तो आभाळाकडे तोंड करून उभा होता, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती वच्छलाबाई. का वाजवू नये? वर जे इवलंसं पांढरं विमान घिरट्या घालत होतं, त्यात तिची तृप्ती होती. एसटीत उभ्याउभ्या तिकिटं फाडून जन्म गेलेल्या कंडक्टर बाईची पोरगी विमान चालवायला शिकत होती. शिकवणारे अनुप सर आज तिला घेऊन मुद्दाम गावावरून जाणार, असा निरोप आला होता. मंडई म्हणजे भाऊबीजेनंतरची गावची जत्रा, घरोघरी लेकी-जावई आलेले. अशा दिवशी कोणती आई घरात बसेल?

मग विमानाने नाक वर केलं. चढलं, चढलं, उलटं झालं आणि गुलाटी मारून धानाच्या बांध्यांकडे असं सुसाट खाली आलं, की भजेवाल्याचा झारा हातातून सुटून कढईत पडला. अगदी शेवटी ते कसंबसं वर उचललं गेलं आणि मोहाच्या झाडांवरून निघून गेलं. मंडईत नुसत्या शिट्ट्या. "अवं माय, काय गुलाटी मारली बाप्पा!" वच्छलाबाईचे हात मात्र तिथेच थांबले. पण शेजारच्या ताराबाई म्हणाल्या, "भाग्याची हायेस वो," तशी ती हसली.

संध्याकाळी सर आणि तृप्ती जीपने गावात आले. मंडई कमिटीचे अध्यक्ष नत्थूभाऊ शाल-श्रीफळ घेऊन तयारच होते. आपल्याकडे माणूस मोठा दिसला रे दिसला की टाक त्याच्या खांद्यावर शाल. त्याने केलं काय, हे नंतर विचारायचं, आणि बहुतेक वेळा विचारायचंच नाही.

तृप्ती जीपमधून उतरली आणि आईचा हात धरून थेट दंडारीच्या, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्याच्या, मांडवामागे गेली. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"काय झालं वो बाई? उलटी झाली का?"

"आई, आमी मरता मरता वाचलो."

"काय बोलून राहिली तू?"

"ते विमान गुलाटीचं नाही हाय. सरळ उडाले, वळाले, उतराले बनवलं हाय ते. गुलाटी मारणारं विमान वेगळं असते, त्याचे पंखच तेवढे मजबूत असतात. अन् सरही ते कुठी शिकले नाहीत. मी नाही नाही म्हणून राहिली, तं म्हणे, गाव पाहून राहिलं, मजा येईल. खाली येताना वेगाचा काटा लाल रेषेच्या पार गेला. सरांनी दांडा खेचला तं माही मान वर उचलेना. अन् पंखातून कडाडकन आवाज आला."

"मग?"

"उतरल्यावर पाहिलं, तं पंखाच्या मुळाशी पत्र्यावर सुरकुती पडली हाय. सर म्हणे, जुनीच हाय. आतून काही तुटलं असन तं बाहेरून दिसत नाही, आई. पुढच्या वेळी हवेतच पंख सुटू शकते. मी म्हटलं, इंजिनेरले दाखवू. तं म्हणे, तोंड उघडलंस तर तुझं लायसन विसर. अन् उद्या सकाळी त्याच विमानात प्रतीक्षा हाय." प्रतीक्षा म्हणजे तिच्याबरोबर शिकणारी, नदीकाठच्या कारधा गावची मैत्रीण.

वच्छलाबाई काही बोलायच्या आत माईकवरून हाक आली, "वच्छलाबाई, या! पायलटच्या मातोश्रींच्या हस्ते सत्कार!"

"आई, काही बोलू नको," तृप्ती रडकुंडीला आली. "माहं सगळं संपन."

वच्छलाबाई स्टेजवर गेली ती गप्प राहायचं ठरवूनच. पोरीसाठी आई विष गिळते, मग राग काय चीज आहे? नत्थूभाऊंनी शाल तिच्या हातात दिली. तेवढ्यात अनुप सरांनी माईक ओढून घेतला आणि हसत म्हणाले, "आजची गुलाटी कशी वाटली? पुढच्या मंडईला तुमची तृप्तीच दोन मारून दाखवेल!"

मंडईने पुन्हा शिट्ट्या मारल्या. झालं! वच्छलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने शाल टेबलावर आदळली आणि सरांच्या हातातून माईक काढून घेतला.

"लाज नाही वाटत? कारध्याच्या पुलावरून बस जाते म्हणून कोणी तिले नदीतून घालन का? माह्या पोरीले इचारलं होतं का तुमी? ते नाही म्हणून राहिली होती! टाळ्या पाहिजेत तं सर्कशीत जा. लोकांच्या लेकी घेऊन मराले काहून जाता?"

"आई, तुम्ही घाबरलात," सर गोड आवाजात म्हणाले. "काही झालेलं नाही. विमान एकदम ठणठणीत आहे."

"ठणठणीत हाय, तं इंजिनेरले दाखवाले काहून भेता?"

नत्थूभाऊ मध्ये पडले. "वयनी, पाहुण्याचा अपमान करून राहिल्या तुमी. गावाची इज्जत काढून राहिल्या. पोरीचंही नुकसान होईन. काय वो तृप्ती, खरं हाय का हे?"

सगळी मंडई तृप्तीकडे वळली. नाही म्हटलं असतं, नुसती मान हलवली असती, तरी तिचं विमान शिकणं वाचलं असतं. सर तिच्याकडे टक लावून बघत होते. ती पायरी चढून आईच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"खरं हाय," ती म्हणाली.

आणि तिथेच तिने प्रतीक्षाला फोन लावला. स्पीकर चालू केला. आईच्या हातातला माईक शेजारीच होता, त्यामुळे पलीकडचा खुशीत आलेला आवाज पार झुल्यांपर्यंत ऐकू गेला.

"तृप्ती! व्हिडिओ पाहिला वो! काय भारी गुलाटी मारली! आयक न, उद्या सर मलेही कारध्यावरून नेऊन राहिले. अशीच मारून दाखवतो म्हणे. आई-बाबा सकाळपासून गच्चीवर उभे राहणार हायेत, आजीलेही वर नेणार हायेत."

मंडईत कोणी शिट्टी मारली नाही. नत्थूभाऊंनी टेबलावरची शाल उचलली, नुसतीच हातात धरली आणि सरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

वच्छलाबाईने तृप्तीच्या हातून फोन घेतला.

"प्रतीक्षा, मी तृप्तीची आई बोलून राहिली," ती म्हणाली. "बाई, फोन तुह्या आईले दे."