दुर्बिणीचा चष्मा

सलूनवाल्याला सगळी गल्ली 'दुर्बीण' म्हणायची. खुर्चीमागे उभा राहून तो पार चौकात वळणाऱ्या बसचा नंबर सांगायचा, आणि तो कधी चुकायचा नाही. आपल्या डोळ्यांत काही खोट असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

खोट होती ती जवळची. अलीकडे दाढी करताना गिऱ्हाइकाचा गाल धूसर व्हायचा. मग तो हात लांबवून, मान मागे घेऊन वस्तरा चालवायचा. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. एका सकाळी शिंप्याच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. शिंपी भला माणूस, "चालायचंच" म्हणाला. पण सलूनवाल्याचा धीरच खचला. दुकान बंद करून तो घरी आला.

"हात गेला माझा," तो बायकोला म्हणाला.

"हात कशाला जातोय? अहो, काल चहात साखरेऐवजी मीठ घातलंत. डोळे दाखवा आधी."

"डोळे? माझे?"

"तुमचेच. दुर्बीणही पुसावी लागते अधूनमधून."

तिने त्याला चष्म्याच्या दुकानात नेऊनच सोडलं. डोळे तपासणाऱ्या बाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. शेवटची बारीक ओळसुद्धा त्याने घडाघडा वाचली आणि बायकोकडे ऐटीत बघितलं. मग बाईंनी हातात छापील कागद दिला. नुसत्या मुंग्या!

"लहानपणी वाचताना काय व्हायचं?" बाईंनी विचारलं.

तो जरा घुटमळला. "अक्षरं एकमेकांत घुसायची. डोकं दुखायचं. सगळे ढ म्हणायचे. मलाही ते पटलं. शाळा सोडली."

"तुमचा डोळा पुढून मागे जरा आखूड आहे," बाई म्हणाल्या. "वस्तूचं चित्र डोळ्याच्या पडद्यावर जुळायला हवं. तुमच्याकडे ते पडद्याच्या मागे जुळू बघतं. मग डोळ्यातलं भिंग जोर लावून ते पुढे ओढतं. लांबचं थोडक्या जोरात भागतं, जवळच्याला दमछाक होते. आता वयानुसार भिंग ताठर झालंय, तेवढा जोर लावता येत नाही. ही काच बघा, मधे जाड, कडेला पातळ. उजेड डोळ्यात शिरायच्या आधीच ती त्याला थोडा वळवते. डोळ्याचं काम हलकं होतं."

"म्हणजे मी ढ नव्हतो?"

"डोळा आखूड होता, डोकं नाही."

बायकोने हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाई उगाचच काचांची पेटी लावत बसल्या.

चष्मा आला त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांची दाढी तो वर्षानुवर्षं करत आलेला. चष्मा चढवून तो वाकला आणि थबकलाच. गालावरचा एकेक केस वेगळा दिसत होता. हात आपोआप जवळ गेला, वस्तरा अलगद फिरला. दाढी झाल्यावर मास्तरांनी हनुवटी चाचपली, पुन्हा चाचपली.

"आज खुंट राहिला नाही रे!"

"म्हणजे? एरवी राहायचे?"

"राहायचे की. घरी गेल्यावर मी परत करायचो."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तुझ्याकडे गप्पा छान होतात," मास्तर म्हणाले आणि आरामात खुर्चीत रेलले. "आता केसही काप. घाई नाही मला."