मांडीचा मान

बारशानंतर बाळ माहेराहून घरी यायचं ते आजीच्या मांडीवर बसूनच, अशी पिशोरच्या त्या घराची रीत होती. यंदा तो मान चतुराबाईंचा. म्हणूनच गारखेड्याच्या दुकानात बाळासाठी कार सीट बघताना तनुजाला सासूबाईंकडं नजर वर करून बघवत नव्हतं.

तिचा नवरा सत्यम तर वैतागलाच होता. "तान्ह्या लेकराला कुणी पट्ट्यांनी बांधतं व्हय? आईची मांडी आहे की. आई घट्ट धरंल."

आता सासूबाई रुसणार, हे तनुजा धरूनच चालली होती.

चतुराबाई मात्र पदर खोचून खाली बसल्या. एकेका सीटचा पट्टा त्यांनी अंगातलं सगळं बळ लावून ओढून पाहिला. "मावशी, तुटायचा नाय तो," दुकानदार म्हणाला, तरी त्या ओढतच राहिल्या. शेवटी त्यांनी एका सीटवर हात ठेवला. "ही घ्या."

"अन् तुझा मान, आई?" सत्यमनं विचारलं.

सत्यमच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती आणि ती तान्हेपणीच गेली, एवढंच घरात ठाऊक होतं. कशानं गेली, हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

"तुझ्या ताईला बी असंच घरी आणत होतो," चतुराबाई म्हणाल्या. "समोर बैल आला अन् जीपवाल्यानं कचकन ब्रेक दाबला. तुझ्या आज्जीनं घट्टच धरलं व्हतं, सत्यम. मरेस्तोवर ती आपले हातच बघत बसायची."