करंगळीची शाई

“डावा हात दाखव बघू,” निशिगंधा म्हणाली आणि हौसाच्या तीन वर्षांच्या मनालीने मोठ्या अभिमानाने दोन्ही हात पुढे केले. दहाही बोटं काळीकुट्ट. पेणच्या त्या कारखान्यात आई गणपतींच्या डोळ्यांची आखणी करत होती आणि लेक शेजारी बसून रंगाच्या वाटीत बोटं बुचकळत होती.

“काल पोलिओचे थेंब पाजलेस ना गो हिला?”

“नाय ओ म्याडम. ऑर्डर होती, बूथवर नेनार कोन? सकाळी तुमच्या दवाखान्याच्या पोरी आल्या, करंगळी बघितली नि गेल्या. मला वाटलं, परत येतील.”

निशिगंधा तिथल्याच पाटावर टेकली. थेंब घेतलेल्या पोराच्या डाव्या करंगळीला काळी शाई लावायची ही पद्धत. “करंगळी बघा, वाद घालू नका, पुढे चला,” हे त्या पोरींना शिकवलं होतं तिनेच. सगळी गल्ली कारखान्यांची, म्हणजे सगळ्या गल्लीतली पोरं अशीच रंगलेली. आणि ‘शहराचं काम पूर्ण’ असं तिने तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांना मघाशीच कळवलं होतं.

गडबच्या भातशेतीवाल्यांची ही लेक. निडीच्या बाजूला एका उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून लागली, लसीचा डबा खांद्याला लावून बांधाबांधाने हिंडली. भाताचा कुकर होईपर्यंत जेवढं वाचून होईल तेवढं वाचत खात्याच्या परीक्षा दिल्या आणि पर्यवेक्षिका झाली. आता अलिबागला, जिल्हा कार्यालयात प्रशिक्षणाची जागा रिकामी होती. खुर्चीची हौस तिला होती आणि ती लपवायचीही नाही. “मिळाली तर ऐसपैस बसेन,” म्हणायची. मला तिचा हा स्वभाव फार आवडतो. तोंडाने सेवा सेवा करत बढतीकडे तिरक्या डोळ्यांनी बघणारे आपल्याकडे काय थोडे आहेत?

त्या जागेसाठी डॉक्टरसाहेब आजच नावं पाठवणार होते. तिने फोन लावला.

“साहेब, कारखान्यांच्या गल्लीतली पोरं राहिलीत. बोटाचा रंग बघून झाली असं धरलं आम्ही.”

“मग उद्या पाजा आणि उद्याच कळवा. आज नाव जाऊ दे ना तुमचं.”

ते तिच्या भल्याचंच बोलत होते, म्हणून तर जड गेलं. पोरांना थेंब एक दिवस उशिरा मिळाले असते, एवढंच. कुणाला कळणारही नव्हतं.

“काम पूर्ण झालं असं मी सांगितलंय साहेब. ते झालेलं नाही. नावाबरोबर तेही लिहा.”

“ते लिहिलं तर नाव राहणार नाही, मॅडम.”

“माहीत आहे साहेब.”

फोन ठेवला आणि तिला रडू आलं. हौसासमोर, गणपतींसमोर, पदराने डोळे पुसत ती चांगली रडली. मग लसीचा डबा मागवला. सकाळच्या पोरी खाली माना घालून आल्या.

“तोंडं पाडू नका गो. शिकवलं मी. साबण आणा. रंग जाईल, आपली शाई जायची नाय.”

गल्लीच्या नळावर पोरांची रांग लागली. निशिगंधा एकेकाची करंगळी धुवायची, शाई नाही असं दिसलं की थेंब पाजायची. हौसाने कुंचला खाली ठेवला आणि रडणारी पोरं धरायला आली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. नितेशची रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट सुटली होती.

“काय गो, गेलं काय नाव?”

“नाय गेलं. गल्ली राहिली होती. पोरांना थेंब पाजतेय.”

तिकडून गाडीला किक मारल्याचा आवाज आला.

“पेनला येतो तुला न्यायला,” नितेश म्हणाला.

“वेळ लागंल मला.”

“लागू दे. थांबतो मी.”

तिने फोन पर्समध्ये टाकला. पुढचं पोर कधीचं आ वासून उभं होतं.