फरारी सोमी

पद्मजा टिपणीसला त्या दिवशी सकाळीच राग आला, आणि तिचा राग म्हणजे काही उतू जाऊन खाली बसणारं दूध नव्हे. तो दिवसभर पुरायचा. कपाट धाडकन बंद व्हायचं, शिक्का टेबलावर आपटायचा, आणि ज्याच्यामुळे हे सगळं, त्याला टेबलासमोर यावंच लागायचं. आज तो मान हवालदार दत्ता म्हात्रेचा होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हा मॅडम. सोता वाडीवर जाऊन आलो मी."

"मग स्वतःच वाचा. मोठ्यानं."

पद्मजा पोलीस नव्हती. पनवेलच्या पोलीस कचेरीत पडताळणी शाखेत ती लिपिक होती. पोलीस भरतीत निवड झालेल्या मुलामुलींचं चारित्र्य तपासायचं हे तिचं काम. अर्जातला पत्ता खरा का, कुठे गुन्हा दाखल आहे का, शेजारीपाजारी काय म्हणतात, हे हवालदारानं बघून यायचं आणि तिनं ते पारखून साहेबांपुढे ठेवायचं. "प्रतिकूल काही आढळले नाही" असा अहवाल गेला की मूल प्रशिक्षणाला जायचं. नाही गेला तर मैदानावर गाळलेला सगळा घाम पाण्यात.

दत्ता मूळचा बेलपाड्याचा. बोलायला फटकळ, पण सरकारी मराठी वाचताना त्याची शाळेतली गत व्हायची. अडखळत त्यानं वाचलं, "उमेदवार सोमी काळू वाघमारे, राहणार करंजवाडी, नेरे. घर बंद. उमेदवार मिळून आली नाही. सोमी कातकरी हिच्यावर फार्महाऊसमधून तांब्याची तार चोरल्याचा जुना गुन्हा दाखल असून ती फरारी आहे. सदरची माहिती उमेदवाराने अर्जात लपवली आहे."

"फरारी! म्हात्रे, ही मुलगी तुमच्याच मैदानावर आली होती. पोलिसांनी तिची उंची मोजली, पोलिसांनी तिला पळवलं, पोलिसांनीच हातात घड्याळ धरून बघितलं. एवढ्या पोलिसांच्या डोळ्यांदेखत पळाली, आणि तुमच्या लेखी फरारी?"

"पळाली म्हणूनच फरारी," मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं आणि सगळी शाखा खिदळली.

पद्मजा हसली नाही. "आणि हे सोमी कातकरी कोण? उमेदवाराचं आडनाव वाघमारे आहे."

"मॅडम, त्या लोकांचं तसंच असतं. वाघमारे काय, पवार काय, सगले कातकरीच. ठाण्यात कातकरीच लिवतात."

"तुमचं नाव दत्ता आगरी लिहितात?"

दत्तानं टोपी काढून हातात घेतली.

"माझं पद्मजा कायस्थ? कातकरी ही जात आहे हो, आडनाव नाही. त्या वाड्यांवर सोमवारी जन्मली ती सोमी. नेऱ्याच्या डोंगराखाली किती सोम्या असतील! त्यातली तार चोरणारी सोमी हीच, हे तुम्हाला घराच्या कुलपानं सांगितलं?"

"कुलूप पन नव्हतं मॅडम. काटक्या लावलेल्या. वाडी सगली भट्टीवर गेलेली. विचारनार कुनाला?"

हीच तर खरी चीड होती. दिवाळी सरली की करंजवाडी रिकामी होते, माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. पंचक्रोशीतल्या कुत्र्यालाही हे माहीत. पण सरकारी माणूस नेमका उन्हाळ्यात वाडीवर जाणार, बंद दारापुढे उभा राहणार आणि माणसं मिळून येत नाहीत म्हणून लिहिणार. पद्मजाच्या कानशिलांत ठणकायला लागलं. ती अहवाल घेऊन तडक निरीक्षकांच्या केबिनमध्ये शिरली.

निरीक्षक चारुदत्त नाडकर्णी सभ्य माणूस होता. तो कधी ओरडायचा नाही, शिवी द्यायचा नाही, आणि त्याचा हाच गुण पद्मजाला सर्वांत जास्त चीड आणायचा. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"टिपणीस मॅडम, तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण उद्या हीच ती निघाली, तर चोर पोलिसात घेतला म्हणून छापून येईल. सही माझी असणार."

"आणि ही ती नसली तर?"

"तर सिद्ध करा. दुसरी सोमी असेल ना कुठेतरी? आणा. दोघींना माझ्यासमोर उभं करा, मी तिथल्या तिथे सही करतो. तुकडी प्रशिक्षणाला निघायच्या आत मात्र."

एवढंच ना, असं पद्मजाला वाटलं. रागाच्या भरात माणसाला सोपं वाटतं ते सगळंच सोपं नसतं, पण हे तेव्हा कुणी तिला सांगायला हवं होतं.

तिनं उमेदवाराला बोलावून घेतलं. सोमी वाघमारे आली ती इस्त्रीची पॅन्ट, पांढरा शर्ट घालून आणि केस तेल लावून घट्ट बांधून. आश्रमशाळेत शिकलेली, सुकापूरला एका सोसायटीच्या गेटवर पहारेकऱ्याची नोकरी करत अभ्यास केलेली. खुर्ची दिली तरी ती बसली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं अहवालावर बोट ठेवलं.

"मी नाही चोरलं काही. ती तार सोमीमावशीच्या नावावर घातली होती. सोमी हिलम. फार्महाऊसवर झाडायला जायची. तिनं पण नाय चोरली. मालकाचा माळी विकून मोकळा झाला, आन नाव हिचं." बोलता बोलता तिची पुस्तकी भाषा सुटली. "सगल्या वाडीला म्हाईत हाय."

"कुठे आहे ती मावशी?"

"भट्टीवर. आयबापाबरोबर माझ्या."

"तिला घेऊन ये. साहेबांसमोर उभी राहिली की तुझं काम झालं."

सोमी दारापर्यंत जाऊन वळली. "मावशीला काय व्हनार नाय ना मॅडम?"

"काय होणार आहे? मी आहे ना!"

सोमी हिलम आली. भट्टीवरून थेट, पायांवर लाल माती तशीच, पदर कमरेला खोचलेला. वयानं फार नव्हती, पण मातीच्या कामानं हात म्हातारे झाले होते. केबिनमधल्या गार हवेत ती आक्रसून उभी राहिली. शेजारी भाची ताठ उभी.

"नाव?" नाडकर्णीनं विचारलं.

"सोमी."

"पूर्ण नाव."

"सोमी महादेव हिलम."

"तांब्याच्या तारेची केस तुझ्यावरच?"

"माझ्यावरच. हिच्यावर नाय. ही तवा शालंत व्हती." तिनं भाचीकडे हात केला. "मी चोरली नाय साहेब. पन नाव माझंच घातलं."

"मग इतकी वर्षं कुठे होतीस?"

"कुटं म्हंजे? पावसात वाडीवरच असते की. कोन आलंच नाय."

नाडकर्णीनं मान हलवली, पेन काढलं आणि अहवालावर सही केली. प्रतिकूल काही आढळले नाही. "झालं समाधान, मॅडम?"

पद्मजाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी आपल्या रागाचं काहीतरी चीज झालं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात नाडकर्णीनं घंटी दाबली आणि दत्ता आत आला.

"म्हात्रे, ही तुमची फरारी. कोर्टाचं वॉरंट आहे हिच्यावर. ताब्यात घ्या."

पद्मजाला आधी कळलंच नाही. मग कळलं. फरारी हा शब्द तिनं इतका धुऊन काढला होता, इतका थट्टेवारी नेला होता, की तो कुठल्या तरी बाईला लागू आहे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्म पोलीस कचेरीत गेला. वॉरंट म्हणजे काय हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि तिनंच निरोप पाठवून या बाईला जिना चढायला लावला होता. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"साहेब, ती आपणहून आली आहे. मी बोलावलं म्हणून आली."

"म्हणूनच सापडली. आता माझ्यासमोर वॉरंटातली बाई उभी आहे, मी डोळे मिटू? कायदा आहे, मॅडम."

"कायदा! पावसात वाडीवर जायला कायद्याला छत्री मिळाली नाही का?"

सोमी हिलमनं पद्मजाकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, पण शब्द जिथे लागायचे तिथे लागले. "पोलिसानं बोलावलं असतं तर मी आले नसते, बाय. तुमी बोलावलंत म्हनून आले."

पद्मजाला वर बघवेना. दत्तालाही कुठे बघावं कळत नव्हतं. तो पुटपुटला, "साहेब, बाईमानूस हाय. लेडीज कॉन्स्टेबल सगल्या बंदोबस्ताला गेल्यात."

"अरे, मग ही काय उभी आहे!" नाडकर्णी हसून तरुण सोमीकडे बोट दाखवत म्हणाला. "झालीच की आता पोलीस. पहिली कामगिरी."

त्याला तो विनोद वाटला. सभ्य माणसांचे विनोद असेच असतात.

सोमी वाघमारेचा चेहरा काळाठिक्कर पडला. ती बोलली तेव्हा परीक्षेला पाठ केल्यासारखी स्वच्छ बोलली. "अटक करताना बाईच्या अंगाला पुरुष पोलिसानं हात लावायचा नाही. बाई पोलीस लागते. ती तुमच्याकडे आत्ता नाही." तिनं मावशीचा मातीनं माखलेला हात धरला. "आन मी नाय लावनार. चल मावशे."

"थांब!" नाडकर्णीनं टेबलावरचा अहवाल उचलला आणि दोन्ही हातांनी समोर धरला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला साखरेचा पाक उतरला होता. "एक पाऊल पुढे टाकलंस तर हा फाडीन. मग कर आयुष्यभर गेटवर सलाम."

मावशी हात सोडवायला लागली. "ऱ्हाऊ दे पोरी. जाते मी यांच्याबरोबर. तुजी नोकरी—"

सोमीनं हात सोडला नाही. तिनं त्या कागदाकडे एकदाच बघितलं. आपल्या कमाईकडे माणूस बघतो तसं, डोळे भरून. गेटवरच्या पाळ्या, भल्या सकाळी मैदानावर काढलेले फेरे, भट्टीवर बाप ज्याला त्याला सांगत सुटला असेल ते, सगळं त्या कागदात होतं.

"फाडा," ती म्हणाली, आणि मावशीला घेऊन केबिनच्या बाहेर पडली.

"म्हात्रे! बघताय काय? धरा तिला!"

दत्ता दाराकडे धावला. पण पद्मजा त्याच्या आधी पोहोचली आणि दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवून उभी राहिली. नोकरी, पेन्शन, सुकापूरच्या फ्लॅटचे हप्ते, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि तरी राग त्या सगळ्याहून मोठा होता.

"मॅडम, बाजूला व्हा ना," दत्ता काकुळतीला येऊन म्हणाला.

"मीही बाईच आहे, म्हात्रे," पद्मजा म्हणाली. "लावा हात."

दत्तानं दोन्ही हात मागे घेतले. जिन्यावर दोघींची पावलं खाली खाली जात होती. आत नाडकर्णी अहवाल फाडत होता, सावकाश, एकदा उभा आणि एकदा आडवा.