दोरीबाबांच्या चिमटीतला कापूस

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात आपल्या आजाऱ्याच्या उशीतून काढलेला मूठभर कापूस. समोर उंच बाकावर दोरीबाबा, मांडीवर काळी मखमल.

एका म्हाताऱ्याच्या कापसातली चिमूट त्यांनी मखमलीवर ठेवली. "बघा, केवढासा तंतू! आयुष्याची दोरी अशीच आखूड झालीय." मग डोळे मिटून, काहीबाही पुटपुटत, दोन्ही चिमटींनी ते कापूस ओढू लागले. ओढायचा, एकावर एक ठेवायचा, पुन्हा ओढायचा. डोळे उघडले तेव्हा मखमलीवर सरळ, रेशमासारखे, चांगले लांब तंतू पडले होते.

"लांबली दोरी! आता औषधं बंद. विष आणि अमृत एका पेल्यात नांदत नाहीत."

गर्दीने हात जोडले. माझ्या शेजारी वहिनीनेही जोडले, आणि तिला खोकल्याची उबळ आली.

काही महिन्यांपूर्वी याच बाकासमोर माझा दादा बसला होता. सूतगिरणीच्या पिंजण खात्यात त्याची हयात गेली; कापसाची धूळ छातीत बसलेली. डॉक्टरांनी दिलेल्या श्वासाच्या पंपावर त्याचं बरं चाललं होतं. बाबांनी दोरी लांबवली, त्याने पंप कपाटात टाकला, आणि काही आठवड्यांत तो गेला. मी रडले नाही. कामावर जायचे, घरी यायचे, जेवायचे. कशाचीच चव लागत नव्हती, एवढंच.

जाब विचारला तेव्हा बाबा म्हणाले, "श्रद्धेत खोट होती." वहिनीला ते पटलं. तीही त्याच खात्यात. आता तिनेही पंप ठेवून दिला होता.

"वन्सं, इथे काही बोलू नका हं," ती कुजबुजली.

तिचा नंबर आला. बाबा ओढू लागले. मी गिरणीच्या तपासणी खोलीत कापसाची लांबीच मोजते. माझी नजर मखमलीवर नव्हती.

"बाबा, डावी मूठ उघडता का?"

"त्यात पाप आहे, बाई. गळून पडलेलं."

"बघू तरी."

पुढच्या माणसांनी माना उंचावल्या. मूठ उघडावीच लागली. आत आखूड तंतूंचा भुसभुशीत गोळा होता.

मी वहिनीच्या कापसातली चिमूट घेतली आणि बाबांसारखीच ओढू लागले. मंत्र येत नव्हता, म्हणून बेचा पाढा म्हटला. विसाला पोचेपर्यंत मखमलीवर तसेच लांब तंतू पडले, आणि माझ्या मुठीत तसंच पाप.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बोंडात कापूस जेवढा लांब होतो, त्याहून लांब पुढे कुणालाच करता येत नाही," मी म्हणाले. "सरकी काढताना तो तुटतो, झोडपताना तुटतो, पिंजताना तुटतो. कंगवा फिरवला की आखूड तंतू गळतात आणि उरलेले लांब दिसतात. वर्गातली बुटकी मुलं बाहेर बसवली म्हणून आतल्यांची उंची वाढत नाही."

"पण आम्ही बरे झालो त्याचं काय?" किराणा दुकानदार उसळला.

"झालात, चांगलं झालं. जे झाले नाहीत, ते सांगायला कसे येणार? माझा भाऊ याच रांगेत होता. इथे दिसतात ती उरलेली माणसं."

मापं वाचून दाखवावीत तसा माझा आवाज निघत होता.

"नास्तिकाची सावली पडली! दर्शन बंद!" बाबांनी मखमल गोळा केली. काहीजण तरीही पायावर पडले. म्हाताऱ्याने मात्र लेकीला विचारलं, "माझ्या गोळ्या फेकल्यास का गं?"

"नाही नाना. डब्यात आहेत."

"चल तर मग घरी."

वाटेत वहिनी दवाखान्याच्या पायरीशी थांबली.

"वन्सं, म्हणजे ह्यांच्या श्रद्धेत खोट नव्हती?"

"नव्हती. श्रद्धा पुरेपूर होती, वहिनी. श्वास पुरला नाही."

ती तिथेच बसून रडली. मला तेव्हाही रडू आलं नाही. मी तिचा हात धरून बसले. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं, नवा पंप दिला, तो कसा ओढायचा ते पुन्हा दाखवलं.

म्हणून सांगते. औषध बंद करायला सांगणारा कुणीही भेटला, तर बरे झालेल्यांचे किस्से ऐकत बसू नका. त्याला विचारा, "तुमच्याकडे येऊन मेले किती?" आणि तो उत्तर शोधत असेल, तोवर औषध घेत राहा.